वाचकांचे प्रश्न : भूकंपाचे ठिकाण पुन्हा का ठरवतात?

अंदमान-निकोबारच्या भूकंपांविषयी मागच्या एका अंकात चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी आणि कारवार येथून आलेल्या पत्रांनी या महिन्याचे सदर भरून गेले आहे. बहुतेक पत्रांचा रोख एकाच वाक्यावर आहे. ‘त्या परिसरातील जुन्या भूकंपांच्या नाभी शास्त्रज्ञांनी नव्याने निश्चित केल्या’, असे मी लिहिले होते. परंतु एकदा होऊन गेलेल्या गोष्टीचे ठिकाण नव्याने निश्चित होते म्हणजे नेमके काय होते, हे सांगायचे राहून गेले. ती उणीव आज भरून काढतो.

प्रश्न : आपण एकाच परिच्छेदात ‘केंद्र’ हा शब्द कधी जमिनीखालच्या बिंदूसाठी, तर कधी जमिनीवरच्या बिंदूसाठी वापरला आहे. मुलांना आम्ही वर्षानुवर्षे हे दोन शब्द वेगळे करून शिकवले आणि मासिकाने ते एक करून टाकले. (एक निवृत्त शिक्षक, वडगाव, बेळगाव)

उत्तर : तक्रार मान्य आहे. जमिनीच्या पोटात ज्या बिंदूपाशी खडक प्रथम तुटतो किंवा सरकतो ती भूकंपनाभी, आणि त्या बिंदूच्या बरोबर वर भूपृष्ठावर येणारा बिंदू म्हणजे अपिकेंद्र. आजच्या सदरात हे दोन शब्द मी वेगळेच ठेवले आहेत. एक गोष्ट मात्र जोडावीशी वाटते. मोठ्या भूकंपात नाभी ही केवळ सुरुवातीची जागा असते. २६ डिसेंबर २००४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी सुमात्राच्या पश्चिमेस खडक तुटायला सुरुवात झाली आणि ती भेग उत्तरेकडे अंदमानपर्यंत सुमारे १३०० किलोमीटर फाटत गेली. नकाशावर त्या भूकंपाचा जो एक ठिपका दाखवतात, तो या फाटण्याचे फक्त पहिले टोक दाखवतो.

प्रश्न : संध्याकाळी आमच्या दुकानात बसणाऱ्यांपैकी दोघांच्या मोबाइलवर भूकंपाची सूचना देणारी निरनिराळी ॲप आहेत. अंदमानात धक्का बसला की एकावर खोली १० किलोमीटर दिसते, दुसऱ्यावर ३५, आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तर दोन्हीकडचे आकडे बदललेले असतात. भूकंप एकच असताना खोली तीन प्रकारची कशी? एवढी महागडी यंत्रे असून नेम असा कसा चुकतो? (एक व्यापारी, निपाणी)

उत्तर : खोली मोजणारे यंत्र अस्तित्वातच नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. भूकंपमापक आपल्या पायाखालची जमीन कोणत्या क्षणी कशी हलली, एवढेच लिहून ठेवतो. ठिकाण, खोली आणि भूकंप सुरू झाल्याची वेळ या सगळ्या गोष्टी त्या नोंदींवरून मागाहून काढलेल्या असतात.

नाभीपासून दोन प्रकारचे तरंग निघतात. प्राथमिक तरंग भूकवचातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने येतात आणि दुय्यम तरंग सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने मागून येतात. त्यामुळे नाभी जितकी दूर, तितके दोघांच्या आगमनांतील अंतर जास्त. साधारणपणे त्या अंतराच्या सेकंदांना आठाने गुणले की किलोमीटर मिळतात. कोयनानगर बेळगावपासून सरळ रेषेत १९० किलोमीटरांच्या आसपास आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे बेळगावात एखादे यंत्र चालू असते, तर त्याच्या कागदावर पहिल्या आणि दुसऱ्या तरंगात २४ सेकंदांच्या आसपास अंतर पडले असते.

एका यंत्राने अंतर कळते, दिशा कळत नाही. म्हणून अनेक ठिकाणच्या वेळा एकत्र कराव्या लागतात. अज्ञात राशी चार असतात : अक्षांश, रेखांश, खोली आणि आरंभाची वेळ. १९१० मध्ये लुडविग गायगर या जर्मन शास्त्रज्ञाने यासाठी जी रीत सांगितली तिचा गाभा आजही टिकून आहे. प्रथम एक अंदाजी नाभी धरायची, तिथून प्रत्येक ठिकाणी तरंग केव्हा पोहोचले असते याचे गणित करायचे, आणि प्रत्यक्ष वेळ व गणिताची वेळ यांतला फरक पाहून नाभी थोडी सरकवायची. उरलेला फरक आणखी कमी होईना, म्हणजे थांबायचे.

खोली अडते ती इथेच. समजा, समुद्राखाली भूकंप झाला आणि सर्वांत जवळचे यंत्र दोनशे किलोमीटरांवर आहे. नाभी १५ किलोमीटर खोल धरली आणि आरंभाची वेळ थोडी मागे नेली, तर मिळणारे उत्तर आणि नाभी ३० किलोमीटर खोल धरून वेळ आणखी मागे नेल्यावर मिळणारे उत्तर, ही दोन्ही त्या दूरच्या यंत्रांना जवळजवळ सारखीच पटतात. खोली आणि वेळ एकमेकींची चूक झाकून घेतात. नाभीच्या डोक्यावर, निदान तिच्या खोलीइतक्या अंतरावर, एखादे यंत्र असेल तरच ही झाकपाक उघडी पडते. असे यंत्र नसले की गणित करणारी संस्था खोली एका ठरीव आकड्यावर बांधून टाकते आणि बाकीच्या तीन राशी सोडवते. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण उथळ भूकंपांसाठी हा आकडा १० किलोमीटर धरते. पूर्वी ३३ धरण्याची प्रथा होती. तेव्हा बातमीत खोली नेमकी १० किलोमीटर दिसली, तर ‘खोली नीट कळलेली नाही’ असा तिचा अर्थ घेण्यास बहुधा हरकत नसते.

बाकीचा बदल वेळेमुळे होतो. पहिला आकडा संगणकाने काही मिनिटांत, हाती आलेल्या मोजक्या नोंदींवरून काढलेला असतो. मग माणूस नोंदी तपासतो आणि आणखी देशांच्या नोंदी येऊन मिळतात. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी हिंदुकुश पर्वतात झालेल्या भूकंपाची तीव्रता पहिल्या बातम्यांत ७.७ होती, ती पुढे ७.५ झाली. त्याची नाभी दोनशे किलोमीटरांहून खोल होती. ब्रिटनमधील थॅचम येथील आंतरराष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र जगभरच्या नोंदी जमवून तपासलेली यादी प्रसिद्ध करते, ती सुमारे दोन वर्षांनी. आपल्या दुकानातल्या बैठकीला तोपर्यंत त्या भूकंपाची आठवणही राहिलेली नसेल. परंतु संशोधकाचे काम खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते.

प्रश्न : नोंदी जुन्याच, भूकंपही जुनाच. तेच ताक पुन्हा घुसळून नवे लोणी कसे निघते? (पदवीपूर्व महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या शिक्षिका, खानापूर)

उत्तर : आपली उपमा चांगली आहे, आणि तिच्याच भाषेत सांगायचे तर पहिल्या वेळी रवी नीट फिरलेली नसते.

वर सांगितलेल्या गणितात एक गृहीत दडलेले आहे. तरंग कोणत्या वेगाने आले हे आपण आधीच ठरवून टाकतो, आणि त्यासाठी पृथ्वी कांद्यासारखी एकसारख्या पापुद्र्यांची आहे असे मानतो. प्रत्यक्षात पृथ्वी तशी नाही. ही चूक कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे पापुद्र्यांतील वेगांचे अधिक चांगले कोष्टक वापरणे आणि पहिल्या तरंगाबरोबर नंतर येणारे तरंगही हिशेबात घेणे. एंगडाल, व्हान डर हिल्स्ट आणि बुलंड यांनी १९९८ मध्ये जगभरच्या भूकंपांसाठी हे केले. त्यांनी वापरलेल्या तरंगांतला एक फार उपयोगी आहे. तो नाभीपासून आधी वर जातो, भूपृष्ठावर आपटून परत खाली वळतो आणि मग दूरच्या यंत्राकडे निघतो. थेट आलेला तरंग आणि हा आपटून आलेला तरंग यांच्यामधले अंतर मुख्यतः खोलीवर अवलंबून असते; आरंभाची वेळ दोघांना समान असल्यामुळे ती वजाबाकीत निघून जाते. निपाणीच्या वाचकांना सांगितलेली झाकपाक इथे चालत नाही.

परंतु समुद्राखाली याही तरंगात एक फसगत असते. तो समुद्राच्या तळावर आपटून वळतो, तसाच पाण्यात शिरून लाटांच्या पृष्ठभागावरूनही वळतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर असल्याने ६ किलोमीटर खोल पाण्यातून वर जाऊन परत येण्यास ८ सेकंद लागतात. तळावरून वळलेला तरंग समजून कोणी पाण्यावरून वळलेला तरंग मोजला, तर खोली पंचवीस-तीस किलोमीटरांनी चुकते. जुन्या याद्यांमधील काही नाभी केवळ ही ओळख दुरुस्त केल्याने जागेवर येतात.

दुसरा मार्ग मला अधिक आवडतो, आणि तो समजायला खानापूर तालुक्याइतकी सोयीची जागा नाही. कणकुंबीहून जांबोटीमार्गे बेळगावला येणाऱ्या दोन बसगाड्यांची कल्पना करावी. एक कणकुंबीहून निघाली आणि दुसरी तिथून थोड्याच पुढच्या फाट्यावरून. पावसाळ्यात रस्त्याची काय अवस्था असते हे आपणास सांगायला नको. गाडीचा सरासरी वेग किती होता हे बेळगावात बसून कोणालाही सांगता येणार नाही, आणि म्हणून एकट्या गाडीच्या पोहोचण्याच्या वेळेवरून ती कुठून निघाली हे काढू गेल्यास उत्तर हमखास चुकेल. दोन्ही गाड्या मात्र जांबोटीच्या त्याच खड्ड्यांतून आल्या आहेत. दोघींना झालेला उशीर जवळजवळ सारखाच आहे. त्यांच्या वेळांची वजाबाकी केली की खड्डे निघून जातात आणि सुरुवातीच्या जागांमधला फरक तेवढा हाती राहतो. हीच वजाबाकी बेळगाव, खानापूर, गोवा अशा अनेक दिशांच्या थांब्यांवर केली, तर दोन सुरुवातीच्या जागा एकमेकींपासून किती आणि कोणत्या दिशेला आहेत, हे पक्के होते.

भूकंपांच्या बाबतीत हे तत्त्व जुने आहे. एखादा नीट अभ्यासलेला भूकंप प्रमाण धरून शेजारच्या भूकंपांची जागा त्याच्या संदर्भात काढण्याची पद्धत आधीपासून होती. वाल्डहाउझर आणि एल्सवर्थ यांनी २००० मध्ये ती हजारो जोड्यांना एकाच वेळी लावता येईल अशी ‘डबल डिफरन्स’ पद्धत मांडली, आणि कॅलिफोर्नियातील हेवर्ड प्रस्तरभंगाच्या (खडकातील मोठ्या भेगेच्या) उत्तर भागावर ती वापरून दाखवली. आधी जिथे ठिपक्यांचा पुंजका दिसत होता, तिथे सरळ रेषांत मांडलेल्या नाभी दिसू लागल्या. अट एवढीच की दोन नाभींमधले अंतर त्या नाभींपासून यंत्रापर्यंतच्या अंतराच्या मानाने बरेच कमी असावे. एक गाडी कणकुंबीहून आणि दुसरी निपाणीहून निघाली असेल तर खड्डे वेगळे आणि वजाबाकी व्यर्थ.

याला आणखी एक जोड मिळाली. माणूस भूकंपलेखावर, म्हणजे यंत्राने काढलेल्या आलेखावर, तरंगाची सुरुवात डोळ्यांनी हेरतो तेव्हा सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी चूक सहज होते, आणि सेकंदाला ६ किलोमीटर या हिशेबाने ती ६०० मीटर भरते. परंतु शेजारशेजारच्या दोन भूकंपांचे लेख जुळ्या भावांसारखे दिसतात. संगणकाने एक लेख दुसऱ्यावर ठेवून तंतोतंत जुळेपर्यंत सरकवला, तर वेळेचा फरक सेकंदाच्या काही हजाराव्या भागांपर्यंत मिळतो. ५ हजारांश सेकंद म्हणजे अवघे ३० मीटर. ताक तेच, पण आता रवीही बदललेली आहे.

प्रश्न : मी भूगर्भशास्त्र शिकतो. आमच्या पुस्तकात अधोगमन क्षेत्राची आकृती एका तिरप्या रेषेवर ठिपके काढून दाखवलेली आहे. नाभी नव्याने ठरवल्याने त्या आकृतीत असे काय बदलते, की त्यासाठी एवढा खटाटोप करावा? (एक विद्यार्थी, शहापूर, बेळगाव)

उत्तर : ती तिरपी रेषा मुळात ठिपक्यांमुळेच सापडली, हे आपल्या पुस्तकात असायला हवे होते. जपानमध्ये कियो वादाती यांनी १९२८ मध्ये शेकडो किलोमीटर खोल होणारे भूकंप खरेच असतात हे नोंदींवरून दाखवले, आणि नाभी खंडाच्या दिशेने उतरत जातात हे पुढे मांडले. अमेरिकेत ह्यूगो बेनिऑफ यांनी नंतर अशाच उतरत्या पट्ट्यांचा अभ्यास केला. पृथ्वीचे कवच सरकत्या मोठ्या तुकड्यांचे, म्हणजे भूपट्टांचे, बनलेले आहे ही कल्पना रूढ होण्याच्या कितीतरी आधीचे हे काम आहे. सागरी भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली बुडतो (हेच अधोगमन) आणि त्याच्या पोटात सुमारे ७०० किलोमीटरांपर्यंत भूकंप होतात, हा अर्थ त्या पट्ट्याला मागाहून लाभला.

आता आपल्या प्रश्नाकडे. अधोगमन क्षेत्रात भूकंपांची निदान तीन घराणी नांदतात. काही भूकंप दोन भूपट्ट जिथे एकमेकांना घासतात त्या पृष्ठावर होतात, काही बुडणाऱ्या भूपट्टाच्या आत, आणि काही वरच्या भूपट्टाच्या उथळ भागात. त्सुनामी उठवणारे महाभूकंप बहुधा पहिल्या घराण्यातले असतात. घासणारे पृष्ठ उथळ भागात १५ ते २० अंशांनी उतरत असेल, तर खोलीतील १० किलोमीटरांची चूक म्हणजे आडव्या अंतरात तीस किलोमीटरांच्या आसपासची चूक. एवढ्यात एका घराण्याचा भूकंप दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडतो. जुन्या यादीतले ठिपके तीस-चाळीस किलोमीटर जाडीचा ढग बनवतात आणि त्या ढगात तिन्ही घराणी मिसळलेली असतात. कोणता भाग अडकून बसला आहे आणि कोणता सरकतो आहे, हे अशा ढगावरून सांगणे म्हणजे बाजारच्या दिवशी गच्चीवरून गर्दीतली नाती ओळखण्यासारखे आहे.

चांगल्या नाभींनी काय दिसते याचे माझ्या मते सर्वोत्तम उदाहरण ईशान्य जपानचे आहे. तोहोकू विद्यापीठाच्या हासेगावा, उमिनो आणि ताकागी यांनी १९७८ मध्ये स्थानिक यंत्रांच्या दाट जाळ्यातून मिळालेल्या नाभी मांडल्या, तेव्हा पुस्तकातली ती एक तिरपी रेषा दुभंगली. बुडणाऱ्या पॅसिफिक भूपट्टाच्या आत भूकंपांचे दोन समांतर थर होते आणि त्यांच्यामध्ये ३० ते ४० किलोमीटरांचे अंतर होते. वरच्या थरातील खडक उताराच्या दिशेने दाबले जात होते, तर खालच्या थरातील ताणले जात होते. खडक इतक्या खोलीवर तापून आणि दबून मऊ व्हायला हवा, तो तडकतो कसा, या जुन्या कोड्याला त्यामुळे नवी दिशा मिळाली. आज बहुतेकांचे मत असे आहे की सागरी खडकातील खनिजांत बांधलेले पाणी खोलीवर मोकळे होते आणि खडकाला तुटण्यास मदत करते. तेच पाणी वरच्या प्रावरणात (भूकवचाखालच्या खडकाच्या थरात) शिरून खडक वितळवते. म्हणून ज्वालामुखींची रांग बहुधा बुडणारा भूपट्ट शंभर किलोमीटरांच्या आसपास खोल गेलेला असतो तिथे वर उभी राहते. आपल्या देशातील बॅरन बेटाचा ज्वालामुखी अशाच रांगेतला.

अंदमान-सुमात्राच्या बाबतीत एंगडाल आणि सहकाऱ्यांनी १९१८ ते २००५ या काळातील भूकंपांच्या नाभी पुन्हा ठरवून २००७ मध्ये प्रसिद्ध केल्या. माझ्या त्या वादग्रस्त वाक्याचा संदर्भ हाच होता. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाआधीची आणि २८ मार्च २००५ च्या नियास बेटाजवळील भूकंपाआधीची शांतता व नंतरचे धक्के एकाच मापाने मोजले गेले, ही त्या कामाची खरी किंमत आहे. जुन्या नोंदी एका कोष्टकाने आणि नव्या दुसऱ्याने मोजल्या असत्या, तर कोष्टकातला बदल जमिनीतला बदल भासला असता.

एवढे कौतुक केल्यावर एक इशारा द्यायला हवा, कारण आपण विद्यार्थी आहात. बसगाड्यांच्या उदाहरणात वजाबाकीने दोन जागांमधला फरक मिळाला. त्या दोन्ही जागा मुळात कुठे आहेत हे तितके पक्के कळले नाही. नाभींचा अख्खा समूह नीटनेटका होऊन एका बाजूला सरकलेला असू शकतो. अधोगमन क्षेत्रात ही भीती अधिक असते. गोव्यापुढच्या समुद्रात मोठा आवाज झाला आणि ऐकणारे सगळे आंबोली, कणकुंबी आणि खानापुरात असले, तर उत्तर-दक्षिण जागा चांगली कळेल. पूर्व-पश्चिम मात्र आवाज उशिरा निघाला की लांबून निघाला, हा घोळ सुटणार नाही. द्वीपमालांवरील यंत्रांची स्थिती अशीच असते, कारण खंदकाच्या, म्हणजे भूपट्ट जिथे बुडू लागतो त्या खोल समुद्रदरीच्या, बाजूला नुसते पाणी असते. त्यात बुडणारा भूपट्ट थंड आणि कडक असल्यामुळे त्याच्या लांबीने जाणारे तरंग इतरांच्या पुढे पोहोचतात, आणि हे ठाऊक नसलेले गणित नाभीला चुकीच्या दिशेला ओढते.

ही ओढ किती असते, हे एकदा फार स्वच्छपणे मोजता आले. २९ ऑक्टोबर १९६५ रोजी अमेरिकेने अलास्काजवळच्या ॲल्युशन बेटांपैकी अमचिटका बेटाखाली ‘लाँग शॉट’ या नावाची अणुचाचणी केली. स्फोटाची जागा आणि वेळ आधीच अचूक माहीत होती. दूरदूरच्या यंत्रांच्या नोंदींवरून नेहमीच्या रीतीने जागा काढली, तेव्हा ती खऱ्या जागेपासून वीस किलोमीटरांहून अधिक उत्तरेला पडली. नोंदी चांगल्या होत्या, यंत्रे पुष्कळ होती आणि त्यांचे आपापसांत एकमतही होते. खालून बुडणारा भूपट्ट सर्वांना एकसारखा चकवत होता. म्हणून नव्या यादीतील रेषा कितीही सुरेख दिसली, तरी ती रेषा आपल्या आकाराबद्दल खरे बोलते आहे की जागेबद्दलही, हे विचारल्याशिवाय तिच्यावर भूपट्टाची सीमा काढू नये. यावरचा महागडा पण खरा उपाय म्हणजे समुद्रतळावर यंत्रे ठेवणे. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपानंतर जपानने आपल्या ईशान्य किनाऱ्यापुढील समुद्रतळावर तारांनी जोडलेली १५० निरीक्षणस्थाने बसवली.

प्रश्न : त्सुनामीची गोष्ट निघाली की सगळे बंगालच्या उपसागराकडे बोट दाखवतात. आमच्या अरबी समुद्राच्या बाजूला असे एखादे क्षेत्र आहे का? (एक वाचक, कारवार)

उत्तर : आहे. पाकिस्तान आणि इराणच्या किनाऱ्यापुढे मकरान हे अधोगमन क्षेत्र आहे. तिथे अरबी भूपट्ट युरेशियाखाली अगदी मंद उताराने जातो. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी तेथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत पोहोचून तेथेही माणसे दगावली. कारवारपासून ते ठिकाण दीड हजार किलोमीटरांहून दूर आहे.

मकरानची अडचण अशी की तिथल्या समुद्रतळावर गाळाचे थर फार जाड आहेत, भूकंप तुलनेने कमी होतात, आणि १९४५ सालच्या नोंदी मोजक्या, कागदावरच्या आहेत. त्या काळच्या छापील यादीतील आगमनाच्या वेळा घेऊन नाभी पुन्हा काढता येते. परंतु वजाबाकीला जोडीदार लागतो, आणि ज्या पट्ट्यात भूकंपच तुरळक तिथे जोडीदार मिळणे कठीण. मकरानचा पूर्व भाग १९४५ मध्ये हलला, पश्चिम भाग पुष्कळसा गप्प आहे. ही शांतता अडकलेल्या भूपट्टाची आहे की हळूच सरकणाऱ्या भूपट्टाची, यावर अजून वाद आहे. किनाऱ्यावरील इशाऱ्याचे काम हैदराबाद येथील त्सुनामी पूर्वसूचना केंद्र २००७ पासून करते. तिथे पुनर्निश्चितीसाठी थांबायला सवड नसते. पहिल्या काही मिनिटांच्या कच्च्या ठिकाणावरच निर्णय घ्यावा लागतो, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न : कोयनेचे भूकंपही अधोगमनाचेच का? आणि अशा अभ्यासाने पुढचा भूकंप कधी होईल हे सांगता येईल का? (एक वाचक, संकेश्वर)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कुठे ताण साठण्याची शक्यता आहे हे नाभींच्या नकाशावरून कळू शकते, तारीख कळत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तरही नकारार्थीच आहे. कोयना, किल्लारी आणि आपला बेळगाव परिसर भारतीय भूपट्टाच्या अंतर्भागात येतात, आणि अंदमानचा खंदक येथून अठराशे किलोमीटरांच्या आसपास दूर आहे. १९६२ मध्ये शिवाजीसागरात पाणी साठू लागल्यानंतर कोयनेच्या परिसरात धक्के वाढले, आणि ते जलाशयामुळे चालना मिळालेले भूकंप मानले जातात. नाभी उथळ, बहुतांशी दहा किलोमीटरांच्या आत आहेत. तेथील काळा पाषाण सुमारे एक किलोमीटर जाडीचा आहे आणि भूकंप त्याच्या खालच्या ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकात होतात. त्या खडकापर्यंत पोहोचण्यासाठी कोयनेत ३ किलोमीटर खोलीचे वैज्ञानिक छिद्र पाडले गेले असून कराडला त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. छिद्रांत उतरवलेल्या यंत्रांना वरच्या वर्दळीचा गोंगाट त्रास देत नाही. नाभी पुन्हा ठरवण्याच्या ज्या पद्धती वर सांगितल्या, त्या इथेही लागू पडतात; फक्त शोधायची असते ती बुडत्या भूपट्टाऐवजी उभी भेग.

प्रश्न : नववीच्या मुलांना हे वर्गात करून दाखवता येईल असा एखादा साधा पाठ सुचवाल का? आमच्याकडे संगणक एकच आहे. (एक शिक्षिका, चिकोडी)

उत्तर : संगणक लागणार नाही. महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक एकत्र दाखवणारा, प्रमाण दिलेला नकाशा, कंपास आणि पट्टी एवढे पुरे. मुलांना सांगावे की एका भूकंपाचा प्राथमिक आणि दुय्यम तरंग यांच्यातील अंतर पुण्यात १५.५ सेकंद, बेळगावात २४ सेकंद आणि सोलापुरात २९ सेकंद होते. हे आकडे मी पाठासाठी रचलेले आहेत. प्रत्येकाला ८ ने गुणल्यावर १२४, १९२ आणि २३२ किलोमीटर मिळतील. त्या त्रिज्यांची वर्तुळे काढली की पुण्याचे आणि बेळगावचे वर्तुळ दोन ठिकाणी एकमेकांना छेदतील आणि सोलापूरचे वर्तुळ त्यांपैकी पश्चिमेकडचा छेदबिंदू निवडील. मुले तो बिंदू कोयनेजवळ आहे हे लगेच ओळखतील. तिन्ही वर्तुळे मात्र नेमकी एका बिंदूत मिळणार नाहीत. चार-पाच किलोमीटरांची तफावत राहील, आणि गायगरच्या रीतीत जो ‘उरलेला फरक’ म्हटला तो हाच, असे त्यांना तिथे बोट ठेवून दाखवता येईल.

मग दुसऱ्या तासाला त्याच सेकंदांना ८ ऐवजी ७.५ ने गुणायला सांगावे. खडकातील वेग थोडा वेगळा धरला, एवढाच त्याचा अर्थ. त्रिज्या सुमारे ११६, १८० आणि २१७.५ किलोमीटर होतील, आणि पुणे-बेळगाव हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३०३ किलोमीटर असल्याने त्या दोन गावांची वर्तुळे एकमेकांना स्पर्शही करणार नाहीत. मध्ये सातेक किलोमीटरांची फट राहील. ती फट पाहून मुले काय म्हणतात, ते कृपया मला कळवावे.